उत्तरपत्रिका तपासणारा प्रोग्राम आणि तिचं नाव

आमच्या प्रोग्रामचा इतिहास लिहिणाऱ्यानं पहिल्याच वाक्यात मला पुरुष करून टाकलं. ‘हा प्रोग्राम भारतातल्या एका विद्यार्थ्यानं त्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधून सुरू केला.’ त्याच्या! मी स्क्रीनसमोर बसून आधी मोठ्यानं हसले, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं वाक्य त्याहून भारी होतं. ‘सुरुवातीचा बराचसा भाग एका अज्ञात व्यक्तीनं लिहिला, तिच्याविषयी माहिती उपलब्ध नाही.’ अज्ञात म्हणे! अज्ञात बाई तेव्हा हदगावात पोरांचे डबे भरत होती. कुणी फोन केला असता तर उचलला असता की तिनं.

म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. नावावरून जेवढं रामायण झालं तेवढं पुरे झालं.

प्रोग्राम काय करतो ते आधी सांगते. परीक्षेत पोरं उत्तराचा गोल काळा करतात, ती उत्तरपत्रिका साध्या स्कॅनरवर ठेवायची, की प्रोग्राम गोल वाचून मार्क काढून देतो. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही. आम्ही विष्णुपुरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा हे काम करणारं मशीन बाहेरून यायचं, आणि ते परवडणारा एखादाच क्लास असायचा. बाकीचे लोक पुठ्ठ्याला भोकं पाडायचे. बरोबर उत्तर जिथं आहे तिथं भोक. तो पुठ्ठा पेपरवर ठेवायचा, भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे, की झाले मार्क. निलंग्याच्या एका शाळेत माझ्या रूममेटनं सुट्टीत असे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले होते. डोळे चोळत परत आली आणि म्हणाली, “हे कॉम्प्युटरला सांगता येतंय का बघू. माणसानं करायचं काम न्हाई हे.”

तिथून सुरुवात. कुणा दूरदृष्टीच्या विद्यार्थ्याला स्वप्न पडलं नव्हतं. एका पोरीचे डोळे दुखत होते.

ती निलंग्याकडची. भूकंपात तिची आई, वडील आणि मोठा भाऊ गेले. शाळेसाठी ती तेवढी निलंग्याला मावशीकडं होती, म्हणून राहिली. हे तिनं मला पहिल्या वर्षाला मेसमध्ये जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात. पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. मी नांदेड शहरातली, वजिराबादची, तोंडानं फटकळ. ती कमी बोलणारी. पण कॉम्प्युटरपुढं बसली की मला गप्प बसवायची. “तू बोलून राहिलीस, मी लिहून राहिले,” असं म्हणायची, आणि खरंच लिहिलेलं असायचं.

प्रोजेक्ट पास झाला. सरांनी फाईल कपाटात टाकली. तीच म्हणाली, कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय का, नेटवर टाकू. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, बदलावं, वापरावं. ओपन सोर्स हा शब्द आम्ही नुकताच ऐकला होता. नांदेडच्या सायबर कॅफेत बसून खाती उघडली. नाव विचारलं तिथं मी मार्कशीटवरचं पूर्ण नाव टाकलं, वडिलांच्या नावासकट. तिनं दोनच अक्षरांचं एक नाव टाइप केलं. मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

“हे कुणाचं गं?”

“माझंच हाय. घरातलं.”

“अगं, कागदावरचं टाक. उद्या नोकरीला दाखवता येईल.”

“राहू दे. हेच बरं हाय.”

आमच्याकडं असतंच असं. शाळेत घालताना मास्तर एक नाव लिहितात, घरात दुसरंच चालतं. माझ्या सख्ख्या मामाचं खरं नाव मला त्याच्या लग्नपत्रिकेवर कळलं होतं. मी म्हटलं, घाल बाई तुला काय घालायचं ते. आणि तेच नाव पुढं तिच्या प्रत्येक कामासमोर लागत गेलं. मी मात्र तिला कॉलेजातल्या नावानंच हाक मारत राहिले, सगळे मारायचे तशी.

मग लातूर. लातूर तेव्हा नुसतं फुगून राहिलं होतं. भूकंपानं हादरलेल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनिअर घडवायला निघाले होते लोक. खालच्या मजल्यावर पत्र्याचं शेड टाकलं की क्लास, वरच्या मजल्यावर खाटा टाकल्या की होस्टेल. एका क्लासच्या कॉम्प्युटर रूमवर आम्हाला दोघींना काम मिळालं. मालकांना सगळे मोठे सर म्हणायचे. दर रविवारी टेस्ट, आणि सोमवारी सकाळी रिझल्ट भिंतीवर लागला नाही तर पालक ऑफिसात येऊन उभे. म्हणजे आमचा प्रोग्राम दर रविवारी परीक्षेला बसायचा, पोरांच्या बरोबरीनं.

आणि नापास व्हायचा! काय व्हायचं सांगते. पेपरच्या चारही कोपऱ्यांत एकेक काळा चौकोन छापलेला असतो. स्कॅनरवर पान जरा वाकडं पडलं तरी प्रोग्राम हे चार चौकोन शोधतो आणि त्यावरून पान सरळ धरतो. कागदावर एकदम झकास. पण आमची पोरं! पेपर हातात आला की पहिल्यांदा वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘श्री’ लिहिणार. कुणी ७८६ लिहिणार. कुणी सकाळी देवळातून आलेलं असलं की कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन त्याच कोपऱ्यात टेकवणार. स्कॅनरला कुंकू काळंच दिसतं. प्रोग्राम त्या ठिपक्यालाच चौकोन समजायचा, पान तिरकं धरायचा आणि एक ओळ सोडून दुसरीच वाचायचा. वर्गात पहिली येणारी पोरगी शेवटून दुसरी. तिचा बाप उदगीरहून एसटीनं आला आणि ऑफिसात रडला हो. मोठे सर आमच्यावर ओरडले, आम्ही पोरांवर ओरडलो. कोपऱ्यात काही लिहायचं नाही असं फळ्यावर लिहून ठेवलं. पुढच्या रविवारी पोरांनी ‘श्री’ जरा बारीक लिहिलं, एवढाच फरक.

मी ही अडचण नेटवरच्या चर्चेत मांडली. तोवर परदेशातले दोन-चार जण आमचा प्रोग्राम वापरायला लागले होते. एकानं उत्तर दिलं, वापरणाऱ्यांना कोपऱ्यात लिहू नका असं सांगावं, आणि विषय बंद करून टाकला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! ये म्हणावं लातूरला आणि सांग हजार पोरांना की आज देवाचं नाव घेऊ नका. मी त्याला चांगलं झणझणीत लिहायला बसले होते. इंग्रजी शिव्या कमी पडत होत्या तो भाग वेगळा.

तिनं कीबोर्ड माझ्या हातातून काढून घेतला. “भांडू नको. पोरं न्हाई बदलणार, तो बी न्हाई बदलणार. आपला प्रोग्राम बदलू.” दोन रविवार गेले. तिनं असं लिहिलं की तीन कोपरे आपसात जुळत असतील तर चौथा कुठं असायला पाहिजे ते प्रोग्रामनं स्वतःच काढावं, आणि तिथं काय चितारलंय तिकडं बघूच नये. मला म्हणाली, “तिघं खरं बोलून राहिलेत ना, मग चौथ्याला कशाला विचारायचं?” त्या दिवसापासून ‘श्री’ चालायला लागलं, ७८६ चाललं, अंगारा चालला. मेसच्या आमटीचा डागसुद्धा चालला. परदेशातल्या त्या शहाण्यानं कौतुकाचे दोन शब्द लिहिले तेसुद्धा मला! मी उलट लिहिलं की हे माझं काम नाही, नाव नीट वाच.

पुढं माणसं वाढत गेली. नांदेडच्या एका उर्दू शाळेतल्या सरांनी उजवीकडून सुरू होणारी उत्तरपत्रिका करून पाठवली. देगलूरच्या एका सायबरवाल्यानं सगळ्या सूचना तेलुगूत केल्या, कारण त्याच्याकडं सीमेपलीकडची पोरं यायची. हे सगळे फुकट राबत होते. मोठ्या सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला. “माझ्या लाइटवर, माझ्या कॉम्प्युटरवर बनवलं आणि गावाला वाटलं? समोरच्या क्लासलासुद्धा?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, “सर, हे तुमच्याकडं यायच्या आधीच सगळ्यांचं झालं होतं.” सरांना ते काही पटलं नाही. शेवटपर्यंत ते आम्हाला ‘दानशूर मंडळी’ म्हणायचे, आणि चहा सांगताना आम्हाला वगळायचे.

मग तिचं लग्न झालं, हदगावला. माणसं वाईट नव्हती, पण घरात कापूस, सोयाबीन, गुरं, सासूचं गुडघ्याचं दुखणं आणि लागोपाठ दोन मुलं. कॉम्प्युटर ठेवायला जागा होती, बसायला वेळ नव्हता. मी नांदेडला शिकवायला लागले. चाळीसेक पोरांना तेच तेच शिकवून माझंही डोकं रिकामं झालं. प्रोग्राम हळूहळू बंगलोरच्या काही मंडळींकडं गेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, सांभाळला त्यांनी नीट. फक्त आम्हाला कुणी काही विचारायचं बंद झालं.

दहाएक वर्षांनी तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता, धाप लागल्यासारखा. पुण्याच्या एका कंपनीत घरी बसून करायचं काम होतं. तिनं अर्ज केला होता. मुलं शाळेत जायला लागली होती, नवरा हो म्हणाला होता, सासूसुद्धा. हे सगळं जुळून यायला तिला किती वर्षं लागली ते मला माहीत होतं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, एवढी वर्षं काम नाही, मग तुम्हाला येतं हे कशावरून? तिनं आमच्या प्रोग्रामचं नाव सांगितलं. त्यांनी तिथंच उघडून बघितलं, आणि म्हणाले, मॅडम, इथं तुमचं नाव नाही.

“मी म्हणलं ते माझंच हाय. ते म्हणले, कागद दाखवा. त्या नावाचा कागद कुठून आणू? शाळेचा न्हाई, रेशनकार्डाचा न्हाई. काहीच न्हाई.” मग म्हणाली, “महिनाभर थांबतो म्हणलेत. तू काही करशील का?”

मला सांगायची गरजच नव्हती. कुणाशी तरी भांडायला मी मोकळीच होते.

नेमकं त्याच वेळी बंगलोरची मंडळी सगळा प्रोग्राम नेटवरच्या जुन्या जागेवरून नव्या जागेवर हलवत होती. जुनी जागा कायमची बंद होणार होती. हलवताना प्रत्येक जुन्या खात्यापुढं एक नाव लिहून द्यायचं, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या कामावर तेच नाव चढतं. एका खात्याला एकच नाव, आणि एकदा हललं की पुन्हा बदल नाही. मी लिहिलं, या खात्यापुढं हे पूर्ण नाव टाका, ही व्यक्ती माझी मैत्रीण आहे. उत्तर आलं, पुरावा?

मी लिहिलं, पुरावा मी आहे. शेजारच्या खुर्चीत बसत होते मी. उत्तर आलं, आपण कोण?

आपण कोण! कपाळ माझं! मी म्हटलं, अरे बाबा, तुमच्या इतिहासात तो पहिला ‘त्याचा’ आहे ना, तो मी आहे. आणि बाई आहे. त्यावर आठवडाभर शांतता. मग नियम आला, जुन्या ईमेलवरून लिहा. ते ईमेल देणारी कंपनीच कधीची बुडाली होती. मी तसं कळवलं. मग म्हणाले, समितीपुढं ठेवतो. चार पोरांची समिती! त्यातल्या दोघांचा जन्म बहुतेक भूकंपानंतरचा असेल. इकडं तिचा दिवसाआड फोन. विचारायची काही नाही, फक्त म्हणायची, “काही झालं का?” मी म्हणायची होतंय. आणि फोन ठेवून घरात भांडी आपटायची. आमच्या घरच्यांनी त्या महिन्यात माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.

महिना संपत आला तसं मी त्यांना लिहिलं, तुम्हीच तिच्याशी बोला. त्या प्रोग्राममधलं काहीही विचारा. तिला आलं नाही तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. झाला एकदाचा तो फोन. मी हदगावला जाऊन तिच्याशेजारी बसले, न जाणो रेंज गेली तर दुसरा मोबाईल असावा म्हणून. तिकडच्या पोरानं विचारलं, हा चौथा कोपरा सोडून द्यायचा भाग असा का लिहिलाय, आम्हाला कुणालाच कधी कळलेलं नाही. तिनं हिंदीत सुरुवात केली, हिंदी संपली तशी मराठी बोलायला लागली. रविवारची टेस्ट, ‘श्री’, ७८६, कुंकवाचं बोट, उदगीरचा तो बाप, सगळं सांगितलं. तिला एवढं सलग बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पलीकडं कुणीतरी खळखळून हसलं. मग तो पोरगा म्हणाला, मॅडम, आमच्याकडंसुद्धा पोरं कोपऱ्यात लिहितात. नाव सांगा, कसं लिहायचं?

मी तिच्या कानाशी म्हटलं, “दोन्ही टाकायला सांग. हे उर्फ ते.”

तिनं मान हलवली. “नको. कंपनीवाल्याला परत शंका यायची. एकच टाकू. कागदावरचं.” आणि एकेक अक्षर सांगून तिनं आपलं पूर्ण नाव लिहून घ्यायला लावलं. तिचं, नवऱ्याचं, आडनाव.

पुढच्या आठवड्यात प्रोग्राम नव्या जागेवर गेला आणि जुनी जागा बंद झाली. कंपनीनं बघितलं आणि तिला घेतलं. मी नांदेडला पेढे वाटले. घरच्यांनी सुटलो म्हणून खाल्ले. इतिहासाचं पान अजून तसंच आहे, अज्ञात व्यक्ती आणि त्याचा प्रोजेक्ट, त्यासाठी वेगळी समिती आहे म्हणे. पण कामाच्या प्रत्येक नोंदीसमोर तिचं नाव स्वच्छ दिसत होतं. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकेक नोंद उघडून तपासली. म्हटलं, आता बघू कोण पुरावा मागतंय.

तिनं फोन केला तो रविवार होता. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम सुरू होणार होतं. कॉम्प्युटर आला, टेबल कुठं ठेवलं, सासू म्हणाली मी पोरांना बघते, असं सगळं सांगून झालं. मी फोन ठेवायच्या बेतात होते.

“अगं,” ती म्हणाली, “ते पहिलं नाव आता कुठंच दिसत न्हाई का?”

“नाही! एकही सोडलं नाही मी. का गं?”

“जुन्या जागेवर बी न्हाई?”

“ती बंद झाली. कुणाच्या जुन्या सीडीत वगैरे असलं तर असलं. कशाला पाहिजे तुला?”

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद केल्याचा आवाज आला.

“आई, आबा आन् दादा, तिघंच म्हणायचे मला ते. मावशीला ठाऊक होतं, पण ती कधी म्हणली न्हाई, मी रडल म्हणून. त्यांच्यामागं कुणी हाक मारली न्हाई त्या नावानं. सायबरमधी नाव विचारलं तवा म्हणलं, इथं लिहून ठेवावं. कुठंतरी राहील.”

काही झालं की मी आधी ओरडते. ओरडलेच. “मग आधी बोलायला काय झालं होतं तुला? महिनाभर मी त्या लोकांशी भांडून राहिले, तुझ्या शेजारी येऊन बसले, तवा तोंड शिवलं होतं का?”

“बोलले असते तर तू भांडली असतीस का एवढी?” ती म्हणाली. “मला नोकरी पाहिजे होती गं.”